विलंबाचे कारण

महिपतने आदल्या दिवशी सगळ्यांना फोन करून बजावलं होतं, की उद्या एकतीस मार्च, अर्ज भरायची शेवटची तारीख, तेव्हा सकाळी दहाला सगळे घरात पाहिजेत. त्याप्रमाणे सकपाळांच्या घरातली माणसं बरोबर पावणेएकला जमली. ज्या कामाला सहा वर्षं उशीर झाला होता त्याला आणखी पावणेतीन तासांनी काय होणार, असं तोंडाने कोणी म्हणालं नाही, पण येताना कोणी घाईही केली नव्हती.

काम तसं साधं होतं. राहीबाईंच्या हृदयाची एक झडप निकामी होत आली होती. वीस तारखेला महाडच्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं, की तीन महिन्यांच्या आत ऑपरेशन झालं पाहिजे, पुढे ढकलण्यात अर्थ नाही. खर्च पाच लाखांच्या आसपास. त्यांचे पती दत्ताराम घाटरस्त्यावरचे मुकादम म्हणून निवृत्त झालेले, म्हणजे पेन्शनरांची सरकारी आरोग्य योजना नवराबायको दोघांना लागू होती. फक्त ती पासष्टी झाल्यावर वर्षभरात घ्यायची असते. उशीर केला की दर वर्षामागे वर्गणी दहा टक्क्यांनी चढते आणि ती मरेपर्यंत उतरत नाही. शिवाय उशिरा आलेल्याला पहिले नव्वद दिवस ऑपरेशनला हात लावता येत नाही. दत्ताराम आता बहात्तर वर्षांचे होते. यंदानंतर तर उशिराचं दारही बंद होणार होतं.

एक पळवाट होती. अर्जात शेवटी 'विलंबाचे कारण' असा एक रकाना होता. कारण पटलं तर चढलेली वर्गणी माफ आणि नव्वद दिवसही माफ. तेव्हा आज सकपाळांनी मिळून एक कारण शोधायचं होतं. कारणांचा तुटवडा या घराला कधीच पडलेला नव्हता, त्यामुळे अर्ध्या तासात जेवायला बसू असा सगळ्यांचा अंदाज होता.

पहिली अडचण जागेची निघाली. अंकिता, घरातली धाकटी लेक, महाडला सेवा केंद्रात अर्ज भरायचं काम करते. ती लॅपटॉप घेऊन आली होती. पण आंबेनळीच्या वाटेवरच्या या वाडीत रेंज येते ती फक्त गोठ्याच्या उत्तरेच्या कोपऱ्यात, गव्हाणीजवळ. ओटी, पडवी, माजघर सगळं सोडून ती तिथेच का येते हे कंपनीलाही सांगता आलेलं नाही. शेवटी म्हशीला बाहेर बांधलं, शेण ओढलं, गोणपाटं टाकली आणि सकपाळांचं खलबत गोठ्यात बसलं. दत्तारामांसाठी आणि त्यांचे थोरले भाऊ हरिबा यांच्यासाठी प्लास्टिकच्या दोन खुर्च्या आणल्या. राहीबाई दाराशी उंबऱ्यावर सुपात वाल घेऊन निवडायला बसल्या. डॉक्टरांनी त्यांना पूर्ण विश्रांती सांगितली होती, म्हणून घरच्यांनी त्यांचं विहिरीचं पाणी बंद केलं होतं. बाकीचं चालू होतं.

पहिलं कारण हरिबांनी दिलं आणि तेच शेवटचं ठरेल असा त्यांचा सूर होता. हरिबा ऐंशीचे, भावकीतले सर्वांत मोठे. सुतक, वर्ष, मुहूर्त यांतलं त्यांचं बोलणं म्हणजे कोर्टाचा निकाल, फक्त अपील नाही. त्यांचं म्हणणं, की दत्तारामाची पासष्टी भरली त्याच साली आई गेली. आई गेल्यावर वर्षभर घरात नवीन काही करायचं नाही, ही रीत. नवीन कागदावर बाईमाणसाचं नाव चढवायचं म्हणजे नवीनच. ते वर्ष सरलं तेव्हा भावकीत कुशाबा गेला. मग त्याची बायको. मग पुढच्या आळीतला चांगू.

"रीत पाळली, त्यात लपवायचं काय? तसंच लिवा," हरिबा म्हणाले.

भावकी चाळीस उंबऱ्यांची. चाळीस उंबऱ्यांत दरसाल एक माणूस जाणार हे गणित हरिबांना ठाऊक नव्हतं असं नाही. आणि रीत अगदी काटेकोर पाळली हेही खरं नव्हतं. त्याच वर्षात महिपतने ट्रॅक्टर घेतला होता, पण तो जुना होता, म्हणून नवीन धरला नाही. महाडच्या दुकानाला शेजारचा गाळा जोडला, पण ती वाढ होती, सुरुवात नव्हती. खुद्द हरिबांच्या नातवाचं लग्न झालं, कारण वर्षाच्या आत लग्न केलं तर चालतं, उलट करावंच. एवढ्या सगळ्यातून एक राहीबाईंचा फॉर्मच काय तो अशुभ ठरला.

हे गणित या क्षणी माधुरीच्या डोक्यात चाललं होतं. माधुरी महिपतची बायको. लग्न होऊन आली तेव्हापासून ती या घरात बोलते कमी आणि मोजते जास्त. आताही तिने भिंतीवरच्या औषधकंपनीच्या कॅलेंडरवर बोट ठेवून मनातल्या मनात मोजलं होतं. डॉक्टरांचे तीन महिने वीस जूनला संपतात. आज अर्ज गेला आणि सूट नाही मिळाली, तर नव्वद दिवस जूनच्या एकोणतीसला भरतात, म्हणजे ऑपरेशन तीसच्या आधी नाही. मधे दहा दिवस उरतात. या दहा दिवसांबद्दल अजून कोणी चकार शब्द काढला नव्हता. सासूबाई हल्ली गोठ्यापासून घरापर्यंतच्या बारा पायऱ्या चढताना सातव्या पायरीवर थांबतात आणि कोणी बघतंय असं दिसलं की पदराने पायरीवरचा कचरा झाडल्यासारखं करतात, हेही तिने एकटीनेच पाहिलं होतं.

दत्ताराम मात्र हरिबांच्या कारणाला लगेच मान डोलावत होते. एरवी थोरल्या भावाने पूर्व म्हटलं की हे पश्चिमेला तोंड करून बसणारे. आज ते फारच पटकन पटले आणि माधुरीला ते खटकलं.

सुतकाने फार तर एक वर्ष माफ होईल, सहा नाही, असं अंकिताने सांगितल्यावर ते कारण बाद झालं आणि मुलगे, थोरला महिपत आणि मुंबईचा विनीत, सुरू झाले. दोघा भावांचं चार वर्षांपूर्वी खालच्या भातखाचरावरून वाजलं होतं, तेव्हापासून ते एकमेकांशी आईच्या मार्फत बोलत. महिपत आईकडे बघून म्हणाला, की काही लोकांनी मुंबईहून फोनवर सांगितलं होतं, आईबाबांचा विमा माझ्या कंपनीतून होतो, तुम्ही काही करू नका. विनीत आईकडे बघून म्हणाला, की काही लोकांनी आईचे कागद आणि दोन फोटो महाडला नेले होते, ऑनलाइन भरतो म्हणून, ते आजपर्यंत परत आले नाहीत. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. विनीतच्या कंपनीने आईबाबांचा विमा काढला होता हेही खरं होतं, आणि त्या कंपनीने तीन वर्षांपूर्वी विनीतलाच काढून टाकलं हेही खरं होतं. दुसरी गोष्ट गावात कळवायची राहून गेली होती. राहीबाई मधे बसून वाल निवडत राहिल्या.

अंकिता या भावांवर एव्हाना वैतागली होती. तिने सांगितलं, की रकान्यात शंभर शब्द मावतात, तुमचं भांडण मावणार नाही, दुसरं काही बोला.

तेव्हा महिपतने खरा पत्ता टाकला. तो म्हणाला, "पूर."

हे कारण महाडमध्ये सर्वांत चालतं. एकवीस सालच्या जुलैत सावित्रीचं पाणी बाजारपेठेत माडीपर्यंत चढलं, माणसं होत्याची नव्हती झाली, हे कोणी विसरलेलं नाही. पण त्या पुरात जेवढे कागद गेले, त्याहून जास्त कागद पाणी ओसरल्यावर गेले. कधी न मिळालेली सर्टिफिकेटं गेली, न भरलेल्या पावत्या गेल्या, एकाचं तर न झालेलं बक्षीसपत्र गेलं. महिपतच्या दुकानातले पाण्याचे पंपही गेले होते. होते चार, पंचनाम्यात गेले बारा. तेव्हा त्याला या कारणाचा अनुभव होता.

त्याची मांडणी बिनतोड होती. आईचा अर्ज आपण वेळेतच केला. त्याची पोच दुकानात ठेवली. दुकानात पाणी शिरलं हे साऱ्या तालुक्याला माहीत आहे. पोच गेली, नंतर चौकशीच झाली नाही. एका ओळखीच्या माणसाकडून पुराचा दाखला मिळेल, तासाभरात फोनवर फोटो येईल.

आणि चार वर्षांत पहिल्यांदा विनीत भावाकडे बघून सरळ बोलला. म्हणाला, "दादा, आयडिया बेस्ट आहे. करोना पण टाक."

हरिबांनाही पटलं. पूर म्हणजे दैवाची करणी, त्यात घराण्याला कमीपणा नाही. दोघे भाऊ लगेच मजकूर जुळवायला लागले, एकाचं वाक्य दुसरा पुरं करू लागला. माधुरीला वाटलं, खाचराच्या वेळी एवढी एकी झाली असती तर वकिलाचे पैसे वाचले असते. तिला त्यांचा रागही येईना. दहा दिवसांचा प्रश्न या एका खोट्याने सुटत होता, आणि सुटत असेल तर तिची हरकत नव्हती. तिने नवऱ्याला हळूच सांगितलं, की दाखल्यावरची तारीख तेवढी नीट बघून घ्या.

असले अर्ज अंकिताने महिन्याला वीस भरले होते आणि प्रत्येक वेळी मान खाली घालून भरले होते. पण ते लोकांच्या आयांचे होते. तिने आबांचा पेन्शन नंबर मागितला. दत्ताराम म्हणाले, की आधी जेवून घ्या, पोरांना भूक लागली असेल. पोरं अडतीस आणि चौतीस वर्षांची होती. अंकिताने पुन्हा मागितला. ते म्हणाले, नंबर पाठ नाय. ज्या माणसाला घाटातला मैलाचा प्रत्येक दगड नंबरानिशी पाठ होता, त्याला स्वतःचा पेन्शन नंबर आठवेना. शेवटी महिपतने बँकेच्या पासबुकावरून तो वाचून दाखवला.

पान उघडायला बराच वेळ लागला. उघडलं तेव्हा अंकिताने ते एकदा वाचलं, मग लॅपटॉप थोडा स्वतःकडे वळवून पुन्हा वाचलं.

"आबा," ती म्हणाली, "तुम्ही तर सदस्य आहात."

कोणाला काही कळलं नाही. तिने वाचून दाखवलं. दत्ताराम सकपाळ, नोंदणी पासष्टी झाल्यावर दुसऱ्याच महिन्यात. वर्गणी दरमहा पेन्शनमधून कापली जाते. दोन वेळा लाभ घेतला: एकदा हर्निया, एकदा मोतीबिंदू. त्याखाली जोडीदाराची ओळ होती आणि ती कोरी होती.

म्हणजे उशीर घरातल्या दोघांना झालेला नव्हता. एकीलाच झाला होता.

महिपतला हर्नियाचं आठवलं. तेव्हा दवाखान्यात बिल किती झालं विचारल्यावर आबा म्हणाले होते, पेन्शनीतून होतं परस्पर, तू नको बघू. तेव्हा त्याला बरं वाटलं होतं, बघावं लागत नाही म्हणून. आता सगळ्यांनी दत्तारामांकडे पाहिलं, आणि एवढा वेळ एकमेकांवर ढकलायचं जे ओझं दोघा भावांच्या हातात होतं ते ठेवायला एकदम मोकळी जागा मिळाली. विनीतने विचारलं, मग आईचं का नाही केलं. महिपतने तेच आणखी मोठ्याने विचारलं. जन्मात पहिल्यांदा त्यांना बापाला विचारायला काही सापडलं होतं आणि ते सोडायला तयार नव्हते.

दत्तारामांना उत्तर देता येईना, कारण उत्तर द्यायचं म्हटलं की फार छोटं होत होतं. नोंदणी केली त्या दिवशी ते एका खेपेत महाडला गेले होते. खिडकीवरच्या बाईने त्यांचा फॉर्म घेतला आणि म्हणाली, मिसेसचा जन्माचा पुरावा नाही, तो आणा, त्यांना घेऊन या, फोटो काढावा लागेल. राहीबाई शाळेत गेलेल्या नव्हत्या. पुरावा म्हणजे उमरठला माहेरी जाऊन ग्रामपंचायतीची जुनी वही शोधणं. एक दिवस गेला असता, फार तर दोन. त्यांनी ठरवलं, पुढच्या खेपेला करू. मग आई गेली आणि हरिबांनी वर्षाचं काढलं, तेव्हा त्यांना, खरं सांगायचं तर, सुटल्यासारखं झालं. पुढे दर वर्षी कोणी ना कोणी मरत गेलं. आणि राहीबाईला तर कधी काही होत नसे. ती तापातही चुलीपाशी असायची. स्वतःला साधा खोकला आला तरी दत्ताराम पोलादपूरला दवाखान्यात जायचे आणि तिने पाण्याची हंडी उतरवत असताना तिला सांगायचे, की डॉक्टर म्हणाला जपा.

यातलं त्यांनी बोलून दाखवलं ते एवढंच, की पुरावा नव्हता.

राहीबाईंनी सूप खाली ठेवलं. बोलल्या त्या सावकाश, दमायला होऊ नये अशा.

"कार्ड मी बघितलं व्हतं," त्या म्हणाल्या. "तुमच्या सदऱ्याच्या खिशात. धुवायला काढला तवा. मला वाटलं, रेशनकार्डासारखंच असंल. एकाच्या नावावर सगळी घरातली. मला वाटलं, त्यात मी हाय."

हरिबांनी तेवढ्यात काहीतरी शोभेल असं बोलायला हवं म्हणून सांगितलं, की पुरुषाच्या नावावर असलं म्हणजे बायकोचं आलंच, सरकारलाच रीत कळत नाही. त्यांच्याकडे कोणी पाहिलं नाही.

महिपत मूळचा व्यवहारी. दुःखातून तो इतरांपेक्षा लवकर बाहेर येतो. त्याने दाखवून दिलं, की पुराचं कारण अजून चालतं. उलट जास्त चालतं. आबांचा अर्ज वेळेत झालाय हे पोर्टलच सांगतंय, मग आईचाही त्याच दिवशी दिला होता असं म्हणायला काय हरकत आहे. विनीतने दुजोरा दिला. हवं तर नंतर बापाशी भांडू, आधी ऑपरेशन, असं दोघांचं ठरलं.

अंकिताने मग खालची बारीक अक्षरं वाचून दाखवली. कारण खोटं आढळलं तर अर्जदार आणि जोडीदार दोघांचंही सदस्यत्व कायमचं रद्द.

दत्तारामांनी चटकन विचारलं, "दोघांचं?"

एवढंच विचारलं. पण ते इतक्या लवकर विचारलं, की माधुरीने सासऱ्याकडे बघायचं टाळलं, आणि अंकिताने बघितलं. दत्तारामांनाही आपला आवाज ऐकू आला. त्यांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, की तसं नाय, मी आपलं विचारलं. मग म्हणाले, रद्द झालं तर झालं, लिवा पूर. मी सही करतो.

"नाय लिवायचा," राहीबाई म्हणाल्या.

महिपत समजावायला लागला, की आई, सगळेच लिहितात.

"लिवू दे त्यांना. त्याच पावसात पलीकडच्या वाडीवर दरड आली तवा चिमाबाई गेली. माझी सख्खी मावसबहीण. तिला काढायला तीन दिस लागले, यांच्याच हाताखालची जुनी माणसं व्हती काढायला. हातातल्या बांगडीवरनं वळखली मी तिला. तिच्या पावसात माझी पावती वाहून गेली, असं लिवून मी झडप बसवून घेऊ?" त्या थांबल्या, श्वास घेतला. "मला जगायचं हाय रे. लय जगायचं हाय. पण असं नाय."

यावर बोलण्यासारखं खरंच काही नव्हतं, तरी सकपाळ बोलले. विनीत म्हणाला, की भावना ठीक आहेत, पण प्रॅक्टिकली नव्वद दिवसांचं काय. तेव्हा माधुरीने तोंड उघडलं आणि कॅलेंडरवरचे दहा दिवस सगळ्यांना सांगितले. त्या दहा दिवसांत काही झालं, किंवा डॉक्टर थांबायला नको म्हणाले, तर पाच लाख कोण उभे करणार, हे तिने दोघा भावांना नावं घेऊन विचारलं. नवऱ्याचं नाव सगळ्यांसमोर घ्यायची तिची ही पहिलीच वेळ.

"लागलंच तर बघू," महिपत म्हणाला.

"बघूच की," विनीत म्हणाला.

सकपाळांच्या घरात 'बघू' म्हणजे काय हे तिथल्या म्हशीलाही माहीत होतं. भाऊ पुन्हा एकमेकांकडे बघेनासे झाले. पूर होता तोवर दोघे एक होते. पाच लाख आले आणि खाचर पुन्हा मधे येऊन बसलं.

मग दत्ताराम उठून उभे राहिले. म्हणाले, की रस्त्याकडची वरकस जमीन देऊन टाकतो. पुण्याचा एक माणूस तिथे हॉटेल काढायचं म्हणून दोन वर्षं मागे लागलाय. आजवर हाकलला, उद्या बोलावतो. नव्वद दिवस कशाला, पंधरा दिवसांत ऑपरेशन करू. ते मनापासून बोलत होते. बायकोसाठी या माणसाने काही देऊ केल्याचं मुलांनी याआधी पाहिलं नव्हतं. मुलगे सावधही झाले, कारण त्या तुकड्यावर दोघांचाही वेगवेगळा डोळा होता.

काळजीचं कारण नव्हतं. अंकितानेच हळू आवाजात आठवण करून दिली, की त्या तुकड्याच्या सातबाऱ्यावर चौदा नावं आहेत, त्यातले तिघे वारले आहेत आणि दोघांचा पत्ता लागत नाही. हरिबांनी तर लगेच सांगितलं, की आपली सही मिळणार नाही, वडिलोपार्जित आहे. वडिलोपार्जित म्हणजे आणखी तीन पिढ्या कोणाच्याच कामाला न येणारं. दत्ताराम खुर्चीत परत बसले. आयुष्यात एकदा उदार व्हायला निघाले, तर तेवढीही जमीन त्यांच्या नावावर निघाली नाही.

चार वाजत आले होते. रेंज एकदा जाऊन आली. अंकिताने आईचा आधार नंबर भरला, फोटो काढला. उमरठच्या जुन्या वहीचा उतारा तिने गेल्याच आठवड्यात काढून आणला होता. जायला यायला मिळून चार तास लागले होते. हे तिने मुद्दाम आबांकडे न बघता सांगितलं. चढलेली वर्गणी दाखवून तिने विचारलं, चालेल का. राहीबाई म्हणाल्या, चालेल, ती यांच्याच पेन्शनीतनं कापायची, जन्मभर. दत्तारामांनी मान हलवली.

आता तो रकाना राहिला. अंकिताने बोटं कळांवर ठेवली आणि वाट बघत बसली. महिपत म्हणाला, कागदपत्रांच्या अभावी असं लिही, ते कुठेही खपतं. राहीबाई म्हणाल्या, की खरं काय ते यांना विचारा, यांनाच माहीत.

दत्तारामांनी बराच वेळ गव्हाणीकडे बघितलं. या माणसाने आयुष्यभर घाटात दरडी उपसल्या, पण स्वतःच्या तोंडातून एक वाक्य काढायला त्याला एवढा वेळ लागला, की पोर्टलने मधेच विचारलं, आपण अजून आहात का. अंकिताने 'हो' दाबलं.

"लिव," दत्ताराम म्हणाले. "माझं मी वेळेत केलं. हिचं पुढच्या खेपेला करू म्हटलं. हिला काय व्हतंय, असं वाटलं मला." थोडं थांबून म्हणाले, "विचारलं नाय मी तिला कधी. हे पण लिव."

हरिबा म्हणाले, की असलं सरकारी कागदावर घालून घराण्याची शोभा करू नका. दत्ताराम म्हणाले, "दादा, तू गप." ऐंशी वर्षांत हरिबांना हे दोन शब्द कोणी एकत्र ऐकवले नव्हते. ते गप झाले.

अंकिताने टाईप केलं, पण रकाना पुढे जाईना. वर आधी कारणाचा प्रकार निवडावा लागतो. तिने यादी उघडून वाचली. कुटुंबातील मृत्यू. अर्जदाराचा दीर्घ आजार. नैसर्गिक आपत्ती. परदेशी वास्तव्य. इतर.

"इतर," राहीबाई म्हणाल्या.

तिने 'इतर' निवडलं. दत्तारामांनी चष्मा लावून सही केली, सात वर्षांपूर्वी केली होती तशीच. राहीबाईंचा अंगठा घेतला. पोर्टल सहाला बंद होणार होतं, त्याला अजून दीड तास होता. पडद्यावर हिरवी पट्टी आली: अर्ज स्वीकारला, विलंबमाफी लागू नाही, नव्वद दिवसांनंतर लाभ सुरू.

विनीतने घड्याळात बघितलं, साडेपाचची गाडी मिळेल म्हणाला. महिपतने दुकानात फोन लावला. म्हैस परत आत यायला ओढ घेत होती. माधुरी सासूबाईंना उठवायला गेली, तेव्हा त्यांनी तिचा हात धरला, पण उठल्या नाहीत. त्या लेकीकडे बघत होत्या.

"अंके, त्या नव्वदात आजचा दिस धरलाय का गो?"

अंकिताने खालची अक्षरं पुन्हा एकदा वाचली. मग लॅपटॉप मिटला.

"नाही, आई. उद्यापासून."